यादीत नाव नसते तेव्हा

मार्चअखेरची धावपळ संपते, नागपूरचे ऊन चढू लागते आणि त्याच सुमारास बऱ्याच बँकांच्या व कचेऱ्यांच्या पदोन्नतीच्या याद्या बाहेर पडतात. ज्याचे नाव यादीत असते त्याच्या घरी पेढे येतात. ज्याचे नसते तो त्या दिवशी उशिरा घरी पोहोचतो. सूर्यास्तापूर्वीचे ताट तसेच झाकलेले राहते. पादत्राणे काढताना तो कुणाच्या नजरेला नजर देत नाही, आणि 'यंदा जागाच कमी होत्या' एवढे एकच वाक्य बोलून आतल्या खोलीत निघून जातो. त्या एका वाक्यावरून घरातल्यांना सारे कळते. आपण काय करावे, हे मात्र कुणाला कळत नाही.

इतवारी, गांधीबाग, महाल या भागांतील व्यापारी कुटुंबांना हा प्रसंग तसा नवा आहे. दुकानात पदोन्नती नसते. मुलगा शाळा सुटल्यावर दुकानात येऊ लागतो, माल ओळखायला शिकतो, उधारीची वही हाताळू लागतो आणि एक दिवस वडील गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती देतात. त्यासाठी ना मुलाखत, ना गुण, ना यादी. एखाद्या वर्षी धंद्यात खोट आली, तर ती भावाची असते, हंगामाची असते. 'तू अपात्र आहेस' असे कुणी लेखी कळवत नाही. आता मात्र याच घरांतील मुलगे, मुली आणि सुना बँकांत आहेत, सरकारी खात्यांत आहेत, मिहानमधील कंपन्यांत आहेत. त्यांच्या वाट्याला येणारे हे दुःख दुकानाच्या हिशेबात बसत नाही. म्हणूनच घरातून दोनच उपाय ऐकू येतात. एक, 'सोड ती नोकरी, आपले दुकान आहे ना!' आणि दुसरा, 'वरच्या कुणाची ओळख काढू, शब्द टाकू.' दोन्ही उपाय मायेपोटी सुचलेले असतात आणि पहिल्या दिवशी दोन्ही चुकीचे असतात. कारण पदोन्नती का हुकली, हे अजून कुणीच विचारलेले नसते.

एका सेनानीचे उदाहरण

पदोन्नती हुकणे हे कर्तृत्व कमी असल्याचेच लक्षण आहे, असे मनाने घेतलेल्या माणसाने लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे चरित्र आठवावे. १९०६ साली कोल्हापूरजवळच्या वडगाव येथे जन्मलेले थोरात दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९४५ सालच्या कांगाव येथील लढाईतील पराक्रमासाठी त्यांना डीएसओ हा सन्मान मिळाला. कोरियातील युद्धबंद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व त्यांनी केले. १९५७ पासून ते सैन्याच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. सरसेनापती जनरल थिमय्या १९६१ साली निवृत्त होणार होते आणि आपल्यामागून थोरात यांनी यावे, अशी त्यांची शिफारस होती. पद मिळाले ते जनरल प्राणनाथ थापर यांना. थापर सेवाज्येष्ठतेत पुढे होते. तेव्हा ही निवड नियमाला सोडून झाली, असेही म्हणता येत नव्हते. थोरात त्याच वर्षी निवृत्त झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरात यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण तयार केले होते. चीनकडून धोका कुठे आहे, सैन्य किती लागेल, रसद कशी पोहोचेल, याचा त्यात विचार होता. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किला' या नावाने सराव घेऊन तोच विषय त्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडला. दिल्लीने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले आणि ते टिपण पंडित नेहरूंच्या समोर आले. निवृत्त थोरात यांना दिल्लीला बोलावणे आले. त्या संकटकाळी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेण्यात आले. नंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षही झाले. ज्यांची स्वतःची निवड झाली नव्हती, त्यांच्याकडेच इतरांची निवड करण्याचे काम आले.

प्रत्येकाच्या आयुष्यात दिल्लीचे बोलावणे येत नाही, हे खरे. पण पद न मिळाल्याने ते टिपण खोटे ठरले नाही, हेही तितकेच खरे. केलेले काम यादीबरोबर पुसले जात नाही. ते कुठेतरी नोंदलेले राहते आणि पुढच्या कामाचे भांडवल तेच असते.

कारण आधी, निर्णय नंतर

पदोन्नती हुकण्याची कारणे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार नियमाचा: जागा दहा आणि पात्र उमेदवार चाळीस, किंवा सेवाज्येष्ठतेत दुसरा पुढे. दुसरा प्रकार स्वतःच्या उणिवेचा: लेखी परीक्षेत गुण कमी पडले, मुलाखतीत कर्जखात्यांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, बदली टाळत राहिल्याने ग्रामीण शाखेचा अनुभव नाही. तिसरा प्रकार तत्त्वाचा: नियमबाह्य कामावर सही करण्यास नकार दिला आणि त्याची किंमत मोजावी लागली.

तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे आहे आणि त्याचा एक धागा नागपूरशी जुळलेला आहे. आणीबाणीत अटक झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असे ज्या उच्च न्यायालयांनी म्हटले होते, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकट्या खन्ना यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांची नियुक्ती झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच जाहीर केले.

मात्र पहिल्या रात्री प्रत्येकाला आपण तिसऱ्याच प्रकारात मोडतो, असे वाटत असते. दुसऱ्या प्रकारातले कारण स्वीकारायला सर्वांत अधिक धैर्य लागते. म्हणून पंधरा-वीस दिवस कोणताही अर्ज करू नये, राजीनाम्याचा मसुदाही लिहू नये. त्या अवधीत केवळ माहिती गोळा करावी. एकूण जागा किती होत्या, आपल्या वर्गातून किती जण घेतले गेले, आपले गुण कोणत्या भागात कमी पडले, हे लेखी विचारावे. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्याला येथे कायद्याचा आधार आहे. पदोन्नती मिळणे हा कुणाचा हक्क नाही. परंतु पात्र असताना विचार होणे हा राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली अजितसिंग प्रकरणात स्पष्ट केले. वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती 'चांगला' अशी का असेना, संबंधिताला कळवली पाहिजे, असे २००८ च्या देवदत्त प्रकरणात सांगितले गेले. तेव्हा आपला अहवाल मागून घेणे हे भांडण नव्हे.

विचारच झाला नाही किंवा न कळवलेल्या नोंदीमुळे नाव मागे पडले, असे निघाले, तर आधी कार्यालयातच निवेदन द्यावे. तेथे दाद लागली नाही, तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे. सरकारी बँकेतील अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. मुलाखतीत दोन गुण अधिक मिळायला हवे होते, एवढ्याच तक्रारीवर मात्र न्यायालये सहसा हात घालत नाहीत. खासगी कंपनीतील मुलाला तर हे दरवाजेही बहुधा उघडे नसतात. त्याने वरिष्ठांशी शांतपणे बोलावे आणि पुढील वर्षी काय केल्यास विचार होईल, ते लेखी मागून घ्यावे. उत्तर गोलमाल मिळाले, तर तेही एक उत्तरच असते.

रागाची किंमत

कारण कळल्यानंतर प्रश्न उरतो तो राहायचे की सोडायचे. येथे व्यापारी घराचा एक गुण कामी यावा. सौदा फिसकटला म्हणून कुणी त्याच दिवशी दुकानाचे शटर कायमचे ओढत नाही; आधी वही उघडतो आणि देणे-घेणे पाहतो. नोकरीचीही वही असते.

बँकेतील ज्या अधिकाऱ्यांना १९९५ च्या विनियमांनुसार निवृत्तिवेतन लागू आहे, त्यांच्या बाबतीत 'राजीनामा' आणि 'स्वेच्छानिवृत्ती' या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वीस वर्षांची पात्र सेवा झाल्यावर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर निवृत्तिवेतन मिळते. त्याच माणसाने रागाच्या भरात 'राजीनामा' लिहून दिला, तर मागील सारी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. अठरा वर्षे सेवा झालेल्याने आणखी दोन वर्षे कळ काढणे म्हणजे अपमान गिळणे नव्हे. तो सरळ हिशेब आहे. एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना असल्याने त्यांचे संचित खाते त्यांच्याबरोबर जाते; त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

कायम नोकरीतील माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. अखेरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून साठ हजार रुपये आणि सेवा दहा वर्षे असेल, तर कायद्याच्या सूत्राप्रमाणे साठ हजारांना सव्वीसने भागून पंधराने आणि मग दहाने गुणायचे. रक्कम सुमारे ३ लाख ४६ हजार होते. चार वर्षे झालेल्याने नोकरी सोडली, तर ही रक्कम शून्य. बँकेतील कर्मचाऱ्याने घरासाठी सवलतीच्या व्याजाने घेतलेले कर्जही पाहावे. नोकरी सुटल्यावर ती सवलत सहसा राहत नाही आणि मासिक हप्ता वाढतो.

आता हुकलेल्या पदोन्नतीची बाजूही वहीत मांडावी. समजा, तिच्यामुळे हाती येणारा पगार महिन्याला बारा हजारांनी वाढणार होता आणि बदली रायपूरला किंवा पाटण्याला होणार होती. दुसऱ्या बिऱ्हाडाचे भाडे, जेवण आणि महिन्याकाठी येणे-जाणे यांतच पंधरा हजार जातात. मुलगा दहावीत असेल, घरी वृद्ध सासू-सासरे असतील आणि पदोन्नती सुनेची असेल, तर खर्चाचा आकडा रुपयांतही मांडता येत नाही. याचा अर्थ पदोन्नती निरुपयोगी, असा नव्हे. पुढच्या श्रेणीची पात्रता, शेवटचा पगार आणि त्यावरचे निवृत्तिवेतन हे सारे तिच्यावरच उभे असते. पण जे गमावले ते नेमके किती, हे कागदावर आले की मनातील आकडा बहुधा लहान होतो.

राहणे, जाणे आणि तिसरी वाट

सैन्यातीलच आणखी दोन उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९८३ साली सरसेनापतिपदासाठी उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांच्याऐवजी जनरल अरुणकुमार वैद्य यांची निवड झाली. सिन्हा यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. नंतर ते नेपाळमध्ये राजदूत, पुढे आसामचे आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. २०१६ साली पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी यांना मागे ठेवून जनरल बिपिन रावत यांची निवड झाली. बक्षी यांनी राजीनामा दिला नाही; जुलै २०१७ मध्ये मुदत संपेपर्यंत ते त्याच पदावर काम करीत राहिले. यांतील एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक, असे ठरवता येणार नाही. जाणाऱ्याला पुढे करण्यासारखे काम होते. राहणाऱ्याला हातातील काम पुरे करायचे होते. चूक होते ती तेव्हा, जेव्हा माणूस जातो तो कुणाला तरी धडा शिकवण्यासाठी, किंवा राहतो तो केवळ कुढत बसण्यासाठी. नोकरी सोडल्याने धडा कुणालाच मिळत नाही. आठवड्याभरात त्या खुर्चीवर दुसरा बसतो.

राहायचे ठरले, तर पुढील वर्षीच्या तयारीला आजपासून लागावे. ज्या विषयात गुण कमी पडले तो हाती घ्यावा, टाळलेली शाखा मागून घ्यावी. दुसरीकडे जायचे ठरले, तर नवे नियुक्तिपत्र हाती आल्यावाचून जुन्या ठिकाणी तोंडातून शब्द काढू नये.

तिसरी वाट घरच्या दुकानाची. ती उत्तम असू शकते. पण रुसलेल्या मुलासाठी आसरा म्हणून ती उघडली, तर दोन्हींकडून नुकसान होते. बारा वर्षे नोकरीत निर्णय घेण्याची सवय झालेला माणूस दुकानात येतो आणि पहिल्याच महिन्यात 'हे असेच चालते' हे वाक्य ऐकतो. जो भाऊ पंधरा वर्षे उन्हातान्हात वसुलीला फिरला, त्याला वाटते, हा अचानक बरोबरीने कसा बसला? म्हणून पहिल्या दिवशीच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: त्याच्याकडे काम कोणते, निर्णयाचा अधिकार कुठपर्यंत, घरखर्चासाठी महिन्याला रक्कम किती आणि नफ्यातील वाटा किती. भागीदारी असेल, तर नवा करार करावा. काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारात नमूद असेल, तरच आयकरात मर्यादेपर्यंत वजावट मिळते. आणखी एक सावधगिरी बाळगावी. बँकेतील वा सरकारी नोकर सेवेत असताना परवानगीवाचून व्यापार करू शकत नाही. 'नोकरी चालू राहू दे, तोवर भागीदार म्हणून नाव घालून ठेवू' हा घरातील सल्ला त्याला चौकशीत अडकवू शकतो.

घराने काय करावे

या काळात घराने केलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे थोडे कमी बोलणे. 'शेजारच्याच्या मुलाला कशी मिळाली?' हा प्रश्न ओठांवर आला तरी आतच ठेवावा. लग्नकार्यात, मंदिराच्या पायऱ्यांवर कुणी विचारलेच, तर उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्यावे. आईने किंवा पत्नीने ते सावरून सांगू नये. 'शब्द टाकण्याचा' उपाय तर मनातूनही काढून टाकावा. ओळखीने आलेली खुर्ची ओळखीनेच जाते आणि मधल्या काळात तिच्यावर बसणाऱ्याला ताठ मानेने वावरता येत नाही.

राहिला तो सहकारी, ज्याचे नाव यादीत आले. थापर, वैद्य किंवा रावत यांनी कुणाचे पद हिरावून घेतले नव्हते. निवड करणारे निराळे होते. पर्युषणात प्रत्येक घर क्षमा मागते आणि क्षमा करते. कचेरीतील शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचे नाव त्या यादीत क्वचितच असते. खरे तर ज्याच्याविषयी मनात रोज काटा सलतो, त्याच्यासाठीच ती आधी हवी.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला डबा भरून कचेरीत जावे. ज्याचे नाव आले त्याच्या टेबलाशी जाऊन अभिनंदन करावे, आपल्या जागी येऊन बसावे आणि काल अर्धवट राहिलेली फाइल उघडावी. राहायचे की जायचे, हा निर्णय पंधरा-वीस दिवसांनी, वही समोर ठेवून, घरच्यांसह बसून घेता येईल. त्या संध्याकाळी मात्र सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचावे.